तिसरा माग : कुडपण, गिरणगाव आणि जनरेटिव्ह एआय



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की जनरेटिव्ह एआयवर बोलायला इतिहासाची माणसं कशाला? ते काम संगणकवाल्यांचं. प्रश्न रास्त आहे. हे यंत्र आतून कसं चालतं ते सांगायला आम्ही बसलो तर आमची फजिती होईल. पण यंत्र आलं की माणसाच्या हातातल्या पैशाचं काय होतं, आणि त्या पैशाच्या जोरावर तो कुणाला ‘नाही’ म्हणू शकतो का, हा प्रश्न यंत्राइतकाच जुना आहे. आपल्या महाड-पोलादपूरच्या माणसांनी तो एकदा नाही, चांगला तीन-चारदा अंगावर घेतला आहे. म्हणून आज सुरुवात कुडपणपासून करू.

कुडपण कुठे आहे ते इथल्यांना सांगायला नको, पण हे व्याख्यान लांबून ऐकणारे-वाचणारेही आहेत. पोलादपूर तालुक्याच्या अगदी डोंगरी टोकाला, सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दीजवळ, सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेलं हे गाव. बुद्रुक आणि खुर्द अशी त्याची दोन नावं. सिंहगडावर तानाजीरावांबरोबर लढलेले शेलारमामा इथले, अशी परंपरा आहे. तानाजीरावांचं उमरठ याच तालुक्यात. अलीकडे पावसाळ्यात धबधब्यासाठी आणि ‘भीमाची काठी’ या सुळक्यासाठी गाड्या येतात. हे सगळं छान आहे. पण आमच्या विषयाला लागणारी गोष्ट निराळी आहे, ती म्हणजे इथली जमीन. उतारावरची वरकस जमीन, नाचणी आणि वरीची. खालच्या अंगाला जिथे पाणी थांबतं तिथे थोडा भात. अशा गावांत वर्षभराचं धान्य घरच्या शेतातून निघणं कठीण, आणि रोख पैसा तर निघतच नाही. म्हणजे रोख पैसा बाहेरून आणायचा. तो कोण आणणार, कुणाच्या हाताखाली राबून आणणार, आणि घरात तो कुणाच्या नावावर येणार, या तीन प्रश्नांवर आपल्या भागाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास लिहिता येईल.

‘आर्थिक स्वातंत्र्य’ हा शब्द आता मोबाइलवर रोज ऐकू येतो. त्यात गुंतवणूक असते, चाळिसाव्या वर्षी निवृत्ती असते, समुद्रकिनारी लॅपटॉप घेऊन बसलेला एक तरुण असतो. ते खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण आमच्या भागात या शब्दाचा अर्थ मोजायचा झाला तर तो दिवसांत मोजावा लागतो. मालकानं, खोतानं, मुकादमानं आज काम बंद केलं, तर चूल किती दिवस पेटती राहील? जितके दिवस, तितकं स्वातंत्र्य. हे माप लक्षात ठेवा. आज आपण सगळं याच मापानं मोजणार आहोत.

पहिलं उदाहरण महाडजवळच्या रावढळचं. गोपाळबाबा वलंगकर तिथले. ते लष्करात होते, १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. अस्पृश्यतेवर थेट सवाल करणारं ते अगदी सुरुवातीचं लिखाण. आता असं बघा, हे लिहिण्याचं धैर्य त्यांच्या मनात होतंच, पण त्यांच्या घरात पेन्शनही येत होतं. गावकीनं बलुतं बंद केलं, खोतानं जमिनीवरून हुसकलं, तरी सरकारचं पेन्शन थांबत नव्हतं. दापोली-महाड पट्ट्यात लष्करी पेन्शनरांची वस्ती मोठी होती, आणि कोकणातल्या दलित चळवळीची सुरुवात त्यांच्या घरांतून व्हावी यात योगायोग नाही. मग १८९० नंतरच्या काळात सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्या अर्जाकडे आपण मानाचा प्रश्न म्हणून बघतो. तो होताच, पण तो पोटाचाही होता. गावाबाहेरून येणारी, गावाला थांबवता न येणारी मिळकत जिथून येत होती, तेच दार बंद होत होतं.

ज्यांना लष्कर मिळालं नाही त्यांना मुंबई. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हे सगळं चिमण्यांचं रान झालं. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतून माणसं गेली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं. घाटावरून उतरायचं, सावित्रीच्या खाडीतून दासगाव-बाणकोटमार्गे बोट धरायची. मागे गावात खोती होती. पिकाचा अर्धा वाटा द्यावा लागे म्हणून ‘अर्धेल’ हा शब्द, आणि वर वेठ. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ ला मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर खोताच्या तावडीतून अर्धंमुर्धं तरी सुटायचं म्हणजे मुंबईचा पगार. पुस्तकी भाषेत याला स्थलांतर म्हणतात. घरात म्हणत, ‘तो मुंबैला असतो.’

मुंबईत तो राहायचा गाळ्यात. गाळा म्हणजे गावकीनं मिळून भाड्यानं घेतलेली खोली. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसं. सगळी एका वेळी आत मावायची नाहीत, पण गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक पाळी झोपे तेव्हा दुसरी कामावर. भिंतीशी प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबानं. नव्यानं आलेल्या पोराला पहिले काही महिने गाळा सांभाळून घ्यायचा. नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे भाडं मागायचं नाही, ही रीत. गावदेवीच्या जत्रेची वर्गणी, मयताचा खर्च, कुणाला गावी पाठवायचं झालं तर बोटीचं भाडं, हे सगळं मंडळाच्या वहीतून. आज आपण ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणतो ती या खोलीत होती, फक्त तिला कुणी ते नाव दिलं नव्हतं.

पगारातून उरेल ते मनीऑर्डरनं गावाला. टपाल खात्यानं मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू केली आणि कोकणाची अर्थव्यवस्था तिच्यावर उभी राहिली. ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हा शब्द तेव्हापासून आपल्याला चिकटला आहे, आणि त्यात थोडी हेटाळणीही असते. पण त्या मनीऑर्डरीवर नाव कुणाचं, याकडे कमी लक्ष गेलं. बापाचं, थोरल्या भावाचं, कधी बायकोचं. बायकोच्या नावानं आली तर तिचा अंगठा घेऊन पोस्टमन पैसे तिच्या हातात देई. आता ते तिच्या हातात किती वेळ राहत, हा वेगळा विषय. पण अंगठा तिचा होता, आणि शेतही तीच बघत होती. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. आपल्या पोलादपूर तालुक्यातही बायका पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे ही गोष्ट जुनी झालेली नाही.

गाळ्यातून बाहेर पडून गिरणीच्या दाराशी जाऊ. तिथे दारावर सकाळी माणसं उभी असत. त्यांना बदली म्हणत. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी बदलीला घ्यायचं. कुणाला घ्यायचं ते जॉबर ठरवे. जॉबर बहुधा आपल्याच मुलखाचा, त्यामुळे ओळख लागे आणि ओळखीबरोबर दस्तुरीही लागे. १९३५ मध्ये बदली कंट्रोल ही पद्धत आली, नोंदीच्या क्रमानं काम द्यायचं ठरलं, जॉबरची सत्ता थोडी कमी झाली. पण उद्या काम आहे की नाही हे आज माहीत नसणं, ही बदलीची अवस्था शेवटपर्यंत राहिली. आज कुणी फोनकडे बघत बसलेलं असतं, ॲपवर काम आलं का म्हणून. त्याच्यासाठी शब्द हवा असेल तर आपल्याकडे तो आहे.

आता तिसरा माग.

१९२० च्या दशकात जपानी कापड बाजारात आलं, गिरण्यांचा नफा घसरला. मालकांनी ‘कार्यक्षमता’ नावाची योजना आणली. आधी एक विणकर दोन माग बघायचा, आता त्यानं तीन बघायचे. सूतकताईत एका बाजूऐवजी दोन बाजू. ससून गटाच्या गिरण्यांत याची सुरुवात झाली. हिशेब सोपा आहे. सहा मागांना आधी तीन विणकर लागत, आता दोन लागणार. एक घरी. जे दोघे राहिले त्यांना थोडी वाढ मिळणार, पण दीडपट काम केलं म्हणून दीडपट पगार नाही. मालक म्हणत होते, सूत चांगलं देऊ, माग सुधारू, मग तीन माग बघणं जड नाही. कामगार म्हणत होते, असेल, पण मग त्या सुधारणेचा पैसा कुणाचा? आणि तो तिसरा माणूस कुठे जाणार?

एवढाच वाद. यंत्र नको असं फार थोडे जण म्हणत होते. यंत्रानं जे जास्तीचं निघतं ते कुणाच्या खिशात जाणार, यावर भांडण होतं.

२६ एप्रिल १९२८ ला सार्वत्रिक संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे होते, अध्यक्ष आळवे स्वतः गिरणी कामगार होते, दुसऱ्या बाजूनं ना. म. जोशींची मवाळ युनियन होती. संप चालला ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जवळजवळ सहा महिने! युनियनच्या पेटीत सहा महिने पुरेल एवढा पैसा कुठून असणार? मदत झाली, धान्यवाटप झालं, पण दीड लाख माणसं त्यावर जगत नाहीत. त्यांतली पुष्कळ माणसं गावी गेली. तारखा बघा. एप्रिलअखेर संप, म्हणजे राब भाजून झालेले, पुढे पेरणी, मग लावणी. एरवी मे महिन्यात रजा टाकून माणसं गावी यायचीच. त्या वर्षी ती मागे फिरली नाहीत, एवढंच. वरकस जमिनीतल्या नाचणीनं त्या संपाला जेवू घातलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडी होईल, पण थोडीच. ज्या जमिनीला आपण निकृष्ट म्हणतो तिनं मुंबईच्या कामगाराला सहा महिने ‘नाही’ म्हणायची ताकद दिली.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे चित्र फार गोड होईल. विणाई खातं हे गिरणीतलं चांगल्या पगाराचं खातं. त्यात दलितांना प्रवेश नव्हता. कारण काय दिलं जाई? तर धोट्यातला धागा संपला की नवी कांडी घालताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून सवर्ण विणकरांना दलित विणकर चालत नव्हता. एक लाकडी धोटा, त्याला एक बारीक भोक, आणि त्यावरून ठरायचं की कुणाच्या घरी किती रुपयांची मनीऑर्डर जाईल. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हाच मुद्दा धरला, की आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे, ही मागणी यादीत घाला. नाइलाजानं ती घातली गेली. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्याच्या मागे धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे महाड-दासगावकडचे, आणि पुढे ते मुंबईच्या कामगार चळवळीत आयुष्य घालवतात. तळ्याचं पाणी आणि धोट्याचं तोंड हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मोऱ्यांसारख्या माणसाला वाटलं नसणार.

दुसरी बाजू बायकांची. गिरण्यांत रिळिंग आणि वाइंडिंग ही खाती बायकांची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दर पाच कामगारांत एक बाई. तिसऱ्या दशकानंतर ही खाती यांत्रिक होत गेली, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ मध्ये आला तेव्हा काही मालकांना बायका ‘महाग’ वाटू लागल्या. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला हे प्रमाण दहात एकीच्या आसपास आलं, आणि पुढे घटतच गेलं. संप झाले, करार झाले, पगारवाढी झाल्या. पण या बायकांसाठी मोठा संप झाल्याचं दिसत नाही. युनियनमधल्या पुरुषांना बाईचा पगार हा जोडपगार वाटत होता. ज्या विधवेचं घर त्यावर चालत होतं तिच्या दृष्टीनं तो जोड नव्हता. मग बायका खानावळी चालवू लागल्या, उधारीच्या ओझ्याखाली. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं तेव्हा सावकारापासून त्यांची थोडी सुटका झाली. यंत्र येतं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर सारखं पडत नाही. ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही त्याच्या डोक्यावर ते आधी पडतं.

१९८२ कडे आम्ही भराभर जाणार आहोत, कारण त्यावर या मालिकेत पूर्वीही बोलणं झालं आहे. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. हा संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. एक लाखाहून जास्त माणसांची नोकरी गेली. आमच्या मापानं बघितलं तर काय दिसतं? कामगार याही वेळी गावी गेले. जानेवारीत कणगी भरलेली असते. पण पुढचा पावसाळाही गेला आणि संप चालूच. शिवाय १९२८ आणि १९८२ मध्ये फरक पडला होता. बायकापोरं मुंबईत आलेली, पोरं तिथल्या शाळेत, जमिनीचे भावाभावांत तुकडे, डोंगरावरची नाचणी कमी झालेली. कामगाराचे दिवस कमी झाले होते. मालकाचे मात्र वाढले होते. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघत होतं, आणि गिरणीखालची जमीन दर वर्षी महाग होत होती. त्याला घाई नव्हती. १९२८ मध्ये दोघांनाही घाई होती, म्हणून तडजोड झाली. पुढे त्याच जमिनीवर मॉल आणि काचेची ऑफिसं झाली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघायला २०१२ उजाडलं.

त्या काचेच्या ऑफिसांत कोण बसलं? काही ठिकाणी त्याच कामगारांची नातवंडं. टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेली, टॅली शिकलेली, इंग्रजी बोलायचा क्लास लावून कॉल सेंटरला लागलेली. डेटा एन्ट्री, बिलं, विम्याचे दावे, भाषांतर, डीटीपी. डीटीपीनं छापखान्यातले खिळे जुळवणारे घालवले, तेव्हा त्यांतल्या काहींच्याच पोरांनी डीटीपी शिकून घेतलं होतं. ही कारकुनी म्हणजे आपल्या मुलामुलींची पहिली पायरी. मुलींची विशेष. शरीरकष्ट नाहीत, घरच्यांना ‘चांगलं काम’ वाटतं, आणि पगार स्वतःच्या खात्यात. आजीच्या अंगठ्यापासून नातीच्या खात्यापर्यंत यायला आपल्याला शंभर वर्षं लागली.

आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. हे यंत्र नेमकं याच पायरीवर उभं राहिलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं ऑगस्ट २०२३ मध्ये अभ्यास काढला. त्यात सगळ्यात जास्त झळ लागू शकणारं काम म्हणून कारकुनी कामाचं नाव आहे, आणि कारकुनीत बायका जास्त म्हणून बायकांवरचा परिणामही जास्त. मात्र बहुतेक नोकऱ्या पूर्ण जाणार नाहीत, त्यांतली काही कामं यंत्र करेल, असंही तो अभ्यास म्हणतो. जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना याचा स्पर्श होईल असं सांगितलं. स्पर्श, जाणं नव्हे. वर्तमानपत्रांचे मथळे हा फरक गाळतात. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कारण एआय नव्हे, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीनं सांगितलं. आम्हाला उगाच १९२८ ची ‘कार्यक्षमता’ आठवली.

पण एक अभ्यास असा आहे की तो वाचून आम्ही बराच वेळ विचार करत बसलो. अमेरिकेतल्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक-मदत विभागातल्या पाच हजारांहून जास्त माणसांचं काम तपासलं. त्यातले बहुतेक जण फिलिपिन्समधले. त्यांना उत्तरं सुचवणारं एआयचं साधन दिलं तेव्हा दर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ३४ टक्क्यांनी! मुरलेल्यांना मात्र जवळजवळ काहीच फायदा नाही. कारण उघड आहे. ते साधन शिकलं होतं चांगल्या, मुरलेल्या माणसांच्या संभाषणांवरून. त्यांची हातोटी यंत्रानं उचलली आणि नवख्याला दिली. नवख्याचं भलं झालं, कंपनीचं भलं झालं. ज्याची हातोटी होती त्याला काय मिळालं?

हा तिसरा माग आहे. फरक एवढाच की १९२८ मध्ये विणकराला दिसत होतं की समोर तिसरा माग आला आहे. आज आपल्या बोलण्यातून, लिहिण्यातून, कामाच्या नोंदींतून हा माग बनतो आणि तो बनताना दिसत नाही. म्हणून ‘एआयमुळे नोकऱ्या जाणार का?’ हा प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. काही जातील, काही नव्या येतील. नवख्या पोराला हे यंत्र हात धरून शिकवेल, हेही खरं. गावात बसून इंग्रजीत अर्ज लिहिता येईल, हिशेब तपासता येईल, छोटा धंदा चालवता येईल. याला कमी लेखू नये. ज्याला एका अर्जासाठी तालुक्याला खेटे घालावे लागले आहेत त्याला त्याची किंमत कळते. विचारायचं ते हे, की जास्तीचं जे निघेल त्यात वाटा कुणाचा, आणि तो मागताना आपल्याजवळ किती दिवस आहेत?

वाटा मागता येतो याची दोन उदाहरणं. हॉलिवूडचे पटकथालेखक २ मे २०२३ ला संपावर गेले आणि १४८ दिवस राहिले. इतर मागण्यांबरोबर त्यांनी करारात लिहून घेतलं, की यंत्रानं लिहिलेला मजकूर हा लेखकाचं श्रेय किंवा मोबदला कमी करायचं कारण होणार नाही. त्यांच्याकडे संघटना होती, आणि जुन्या कामाचं मानधन पुन्हा पुन्हा मिळण्याची पद्धत आधीपासून होती. ती त्यांची वरकस जमीन म्हणा. दुसरं उदाहरण जवळचं. बंगळूरूची ‘कार्य’ ही संस्था गावांतल्या माणसांकडून भारतीय भाषांतले आवाज, वाक्यं नोंदवून घेते, एआयला शिकवण्यासाठी. मराठीही त्यांत आहे. ताशी सुमारे पाच डॉलर दर त्यांनी ठेवला आणि ती माहिती पुढे पुन्हा विकली गेली तर बोलणाऱ्यालाही पैसे, असं तत्त्व ठरवलं. संस्था लहान आहे आणि हे काम कुणाला आयुष्यभर पुरणारं नाही. पण ‘माझ्या बोलण्यावर यंत्र शिकतं, तर त्यात माझा हिस्सा’ हे कागदावर आणता येतं, हे तिथे सिद्ध झालं. मुरलेल्या मदतनिसाला जे मिळालं नाही ते हेच.

अडचण दुसरीकडे आहे. १९२८ चा संप उभा राहिला तो गिरणीच्या दारात आणि गाळ्यात. तीस माणसं एका खोलीत झोपत होती, एकमेकांचा पगार एकमेकांना माहीत होता. आज घरून काम करणाऱ्या मुलीला आपल्याच कामाचा दर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीला किती मिळतो हे कळायला मार्ग नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द आले, हे चांगलं झालं. पण कायद्यात शब्द येणं आणि गाळा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न घेतो. ‘मग पोरांनी काय शिकावं?’ एआय वापरायला शिकावं, यात वाद नाही. न शिकून कुणाचं भलं होत नाही, रिळिंगच्या बायकांना कुणी नवं यंत्र शिकवलं नाही म्हणून तर त्या आधी गेल्या. पण त्याबरोबर आम्ही म्हणू, पहिल्या पगारापासून काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, आणि डोंगरावरची जमीन रिसॉर्टवाल्याला विकायच्या आधी घरात सगळ्यांनी, बायकांसकट, बसून हिशेब करावा. कुडपणसारख्या ठिकाणी आता जमिनीला गिऱ्हाईक येतं. आलेला पैसा किती वर्षं पुरेल, आणि मुंबईचं काम सुटलं तर परतायला काय उरेल, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडून बघावेत. विकायचंच ठरलं तर निदान बघून विकल्यासारखं होईल.

आणि एक विनंती. ग्रामस्थ मंडळांच्या जुन्या वह्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, ट्रंकेत, माळ्यावर असतील. गाळ्याचं भाडं कुणी भरलं, कुणाला माफ केलं, संपाच्या महिन्यांत वर्गणी किती आली, हे त्यांत लिहिलेलं असतं. शाई उडत चालली आहे. गणपतीला घर उघडाल तेव्हा त्या काढा, पानापानाचे फोटो घ्या आणि आम्हाला दाखवा. मोडी असेल तर वाचून देऊ.